एक चमचा कमी

९ जानेवारी

ताई,

तुमच्या पाया पडून लिहायला बसले. पोचले एकदाची. ट्रकमधून उतरले तेव्हा अंगावर खाणीची एवढी धूळ होती की पाळणाघराच्या बाईंनी आधी मला मागच्या नळाकडे पिटाळलं, मग नाव विचारलं.

जागा छान आहे. तळमजल्यावर तीन खोल्या, भिंतींवर ससे रंगवलेत, एक ससा जरा गाढवासारखा झालाय. ऑफिसात जाणाऱ्या बायका सकाळी पोरं टाकून जातात आणि संध्याकाळी घ्यायला येतात. आम्ही तिघी आया, आणि वर मोठ्या बाई. त्या शिकलेल्या आहेत, ओरडत नाहीत, नुसतं बघतात, आणि तेवढ्यानेच माझी गाळण उडते. मला सगळ्यात लहान बाळांची खोली दिलीय. झोपायला लंगोटांच्या कपाटाशेजारची कोपऱ्यातली जागा.

एक खोटं बोललेय ताई, तुम्हाला सांगून टाकते. तान्हं मूल असलेल्या बाईला इथे घेत नाहीत. म्हणतात तिचं लक्ष लागत नाही. म्हणून मी म्हटलं की मला मूलच नाही. म्हणताना जीभ अडखळली, पण म्हटलं.

दूध अजून आटलेलं नाही. दुसऱ्याचं पोर रडलं की माझा पाझर सुटतो. आत फडकं घडी करून ठेवते आणि दर थोड्या वेळाने पिळून येते. कुणाला कळू नये म्हणून अंगावर शाल घेऊन फिरते. बाकीच्या आया हसतात, एवढी कसली थंडी बाई तुला.

माझा भोंगा कसा आहे? खाणीचा भोंगा वाजायच्या आधी हा वाजतो म्हणून तुम्ही त्याचं हे नाव ठेवलंत तेव्हा मला राग आला होता. आता इथे मनातल्या मनात तेच नाव घेते. दरडीखाली हे गेले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोराला माझ्यावर सोड आणि कमवायला जा. तुमच्यासारखी जाऊ कुणाला मिळते! मला आणणाऱ्या खडीच्या ट्रकच्या ड्रायव्हरदादांबरोबर दुधाच्या पावडरीचा डबा पाठवलाय. आत प्लास्टिकचा चमचा आहे, त्यानेच मोजा. डब्यावर चित्रं आहेत.

तुमची
धाकटी


२८ जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं, डबा मिळाला. फोनवर का बोलत नाहीस म्हणून तुझे भाऊजी विचारत होते. म्हटलं, मुकादमाच्या खोलीत उभं राहून सगळ्या चाळीला ऐकवत काय बोलायचं? पत्रच बरं. चौथीपर्यंतचं शिक्षण कधीतरी कामाला येऊ दे.

तुझा मुलगा मजेत आहे, आम्ही नाही. अगं, काय तो आवाज! माझी तिघं मिळून रडली असतील तेवढा हा एका दुपारी रडतो. तुझी आठवण येते त्याला, दुसरं काय. बाटली तोंडाला लावली की मान फिरवतो, मग भुकेने परत बोंबलतो. पत्र्याच्या भिंती, पलीकडच्या खोलीतली मुकादमाची बायको भिंतीवर लाटणं आपटते. मी आत म्हणते, आपट, आपट, तुझंच लाटणं मोडेल.

कामावर जाताना त्याला बरोबर नेते. खडी फोडायच्या शेडला फडक्याची झोळी बांधलीय. पण हा रडला की मी हातोडा टाकून उठते, आणि मुकादम टोपलीकडे बघतो. असंच चाललं तर मला घरी बसवतील. मग तुझे भाऊजी एकटे किती तोंडं भरणार?

तू आता पोरांच्या शाळेतच आहेस. तिथे ते काय करतात पोरं गप्प करायला? काही युक्ती असेल तर कळव. कान किटले माझे.

तू दुधाचं लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. कोबीची पानं बांध, आटेल.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

युक्ती आहे! तुम्ही योग्य माणसाला विचारलंत.

इथे आम्हाला दर शनिवारी मोठ्या बाई शिकवतात. पहिली गोष्ट, बाळ रडलं की लगेच धावायचं नाही. धावलं की त्याला कळतं, रडलं की माणूस येतं, आणि मग ते तुम्हाला नाचवतं. थोडं रडू द्यायचं. दुसरी गोष्ट, दूध घड्याळावर. मध्ये कितीही भोकाड पसरलं तरी नाही म्हणजे नाही. माझ्या खोलीत एक ढब्बू आहे, वकिलीणबाईंचा मुलगा, सारखं दूध दूध. त्याच्या बाटलीत आता एक चमचा कमी घालतो, पाणी तेवढंच. पोट हलकं राहतं म्हणे. आठवड्याभरात असा शहाणा झालाय, खुळखुळा हातात घेऊन एकटाच खेळत बसतो.

ताई, तुम्हीपण तसंच करा. दर वेळी उचलू नका. एक चमचा कमी घाला आणि वेळेवरच पाजा. पहिले चारपाच दिवस त्रास देईल, मग बघा. तुमचं मन मऊ आहे मला माहीत आहे, वरून कितीही तोडून बोललात तरी. पण मन घट्ट करा. आपल्याकडे सगळं चुकीचं करतात हो. रडलं की उचल, रडलं की पाज. शिकलेल्या लोकांची पोरं बघा कशी गुटगुटीत आणि शांत असतात!

दूध आटलं माझं. कोबीने आटलं का आपोआप, कोण जाणे. शाल काढून ठेवली. त्या दिवशी कपाटाआड जाऊन खूप रडले.

तुमची
धाकटी


२० मार्च

धाकटे,

तू जादूगार आहेस बाई!

तू लिहिलंस तसंच्या तसं केलं. पहिले काही दिवस जीव नकोसा झाला. झोळीत पडून असा ओरडायचा की खडी फोडणाऱ्या बायका मला नावं ठेवायला लागल्या. एक म्हातारी तर म्हणाली, सख्खी नाहीस म्हणून बघवतं तुला. लागलं मला ते. पण तुझं पत्र कमरेला खोचून ठेवलं होतं, उठावंसं वाटलं की वाचायचे. मन घट्ट करा. केलं.

आणि आता चिडीचूप! सकाळी झोळीत घालते, दुपारी बाटली देते, संध्याकाळी घरी आणते. मध्ये हूं नाही की चूं नाही. पत्र्याकडे बघत पडून असतो. मुकादमाची बायको काल म्हणाली, बाळ आहे का पाठवलंत गावाला? माझ्या तिघांच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर माझी कंबर तरी शाबूत राहिली असती.

डबाही पुरवठ्याला येतोय. तू पाठवलेला दुसरा अजून फोडलेला नाही. ऊन वाढलंय, म्हणून मी आणखी थोडं पातळ करते.

माझी तब्येत ठीक. उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, एवढंच. वय झालं आता आमचं. तुझे भाऊजी म्हणतात, तिशीत कसलं वय, पण त्यांना काय कळतंय.

ताई


५ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. इथल्या दोघी आयांना वाचून दाखवलं, जावेचं बाळ आहे म्हणून सांगितलं. खूप हसल्या गावाला पाठवल्याच्या गोष्टीवर.

आता तो पालथा पडत असेल ना? ढब्बू पालथा पडून पुढे सरकायला लागलाय, कालच माझ्या चपलेपर्यंत पोचला. आणि त्याच्या बरोबरीची एक मुलगी आहे, ती मला बघितलं की खदखदून हसते. भोंगा कसा हसतो ते लिहा. मी निघाले तेव्हा नुकता ओठ वाकडे करायला लागला होता. दोन्ही गालांना खळी पडते का? ह्यांना एकाच गालाला पडायची.

तुम्ही स्वतःला जपा. काजवे दिसत असतील तर गूळ खा, कामावर सावलीत बसा. सगळं अंगावर काढू नका.

तुमची
धाकटी


१० एप्रिल

ताई,

हे पत्र खडीच्या दुसऱ्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून पाठवतेय. मिळाल्या मिळाल्या त्याला उचला. आत्ता. वाचता वाचता उचला.

आज शनिवार. शिकवणी झाल्यावर मी फुशारकी मारायला गेले. मोठ्या बाईंना म्हटलं, तुमची पद्धत मी माझ्या जावेला कळवली, तिचं बाळ आता अजिबात रडत नाही. वाटलं शाबासकी देतील. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. विचारलं, अजिबात म्हणजे? भूक लागल्यावर? ओलं झाल्यावर? माणूस जवळ आल्यावर हात पसरतं का? चेहऱ्याकडे बघतं का? मी म्हटलं, छताकडे बघतं.

मग म्हणाल्या, ते शहाणं झालेलं नाही. त्याने आशा सोडलीय. कुणी येत नाही हे त्याला कळलंय, आणि पोटात एवढं कमी जातंय की रडायचीही ताकद उरलेली नाही.

एक चमचा कमी ढब्बूपुरता होता ताई. तोसुद्धा त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला, कारण तो वरचं अन्न भरपूर खातो. थोडं रडू द्यायचं ते पोट भरलेल्या, दिवसभर कडेवर नाचणाऱ्या पोरांना. संध्याकाळी ज्यांना आई घ्यायला येते त्यांना. मी अर्धवट ऐकलं आणि तुम्हाला शहाणपण शिकवलं.

त्यांनी विचारलं, त्याची आई काय करते, तिला दिसत नाही का? मी म्हटलं, ती कामाला जाते.

डब्यावरच्या चित्राप्रमाणे घट्ट दूध द्या. मागेल तेव्हा द्या, नाही मागितलं तरी द्या. सारखं उचला, बोला त्याच्याशी, शिव्या द्या हवं तर, पण बोला. आणि दवाखान्यात न्या. तुमच्या पाया पडते.

धाकटी


२ मे

धाकटे,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली. तुझा तो दुसरा ट्रकवाला वाटेत आजारी पडून बसला होता. आधी खळीचं वाचलं, मग ते.

आधी रागावून घेते. तूच म्हणालीस मन घट्ट करा. मी तीन पोरं वाढवली, मला कुणी घड्याळ शिकवलं नव्हतं. हात शिवशिवायचे माझे त्याला उचलायला. तुझ्या शब्दासाठी मी ते आवरले. आता तू लिहितेस, आत्ता उचला! झालं. रागावून झालं.

खरं ते लिहिते. हसत नाही तो. पालथाही पडत नाही. मान धरतो, पण आवाजाकडे वळत नाही, टाळी वाजवली तरी. डोक्यावरचे केस विरळ झालेत. मला दिसत होतं गं, पण मला वाटलं शिस्त म्हणतात ती हीच.

पत्र वाचल्यापासून तो माझ्या अंगावरच आहे. एका हाताने खडी फोडते. मुकादमाने टोपली मोजली, मी म्हटलं मोज. दूध घट्ट केलं, तर सगळं उलटलं. गेल्या आठवड्यात फिरत्या नर्सबाई आल्या. त्यांनी त्याच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली. हिरव्यावर आलं तर चांगलं, पिवळ्यावर आलं तर काळजी. ती लालच्याही आत गेली. म्हणाल्या, बाजारगावच्या दवाखान्यात खास खोली आहे, महिनाभर ठेवावं लागेल, बरोबर एक बाई हवी.

महिनाभर मी कशी जाऊ? माझी तिघं आहेत, काम जाईल. नर्सबाईंनी पावडरीच्या पुड्या दिल्यात, त्या देते. तू येऊ नकोस. तू आलीस तर तुझंही काम जाईल, मग कुणाचंच भागणार नाही. जरा धीर धर.

आणि माझ्याबद्दल विचारत बसू नकोस. मी बरी आहे.

ताई


१४ मे

ताई,

तुम्ही बरोबर रागावलात. आणखी रागवा, पण त्याला दवाखान्यात न्या.

मी मोठ्या बाईंना सगळं सांगून टाकलं. जावेचं नाही, माझंच आहे म्हटलं. वाटलं आता बोचकं बांधावं लागणार. त्यांनी ढब्बूला उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, लाल पट्टी म्हणजे थांबायचं नाही. घरी पुड्या देऊन बघू असं नाही. पोर उलटतंय तर एका तापात जाईल. आणि जगलं तरी, म्हणाल्या, ह्या वर्षी डोकं वाढतं, ते पुढच्या वर्षी वाढवता येत नाही. हे त्यांनी मला शनिवारी कधी शिकवलं नव्हतं. इथल्या पोरांना गरजच नाही त्याची.

माझ्या जागी बाई मिळेपर्यंत मला सोडता येत नाही असं त्या म्हणाल्या. मिळाली की जा, आणि पुढे काय करायचं ते पुढे बघू. मी रोज फाटकाकडे बघते, कुणी काम मागायला येतंय का. तोवर तुम्हीच आहात त्याला. भाऊजींना सांगा, पोरांना शेजारी ठेवा, मुकादमाच्या बायकोचे पाय धरा, काहीही करा. एकच महिना, ताई. काम परत मिळेल. पोर परत मिळणार नाही.

इकडे ढब्बू मला मा म्हणाला. सगळ्या आया टाळ्या वाजवत होत्या. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तुमची
धाकटी


३ जून

ताई, तुमचं उत्तर नाही. ड्रायव्हरदादा म्हणाले, खोलीला कुलूप होतं, पोरं मुकादमाच्या बायकोकडे होती. म्हणजे तुम्ही गेलात ना त्याला घेऊन? तसंच असेल. दोन ओळी लिहा. नुसतं आहे एवढं लिहा.

धाकटी


९ जुलै

धाकटे,

आहे.

हा शब्द आधी लिहिला म्हणजे तू पुढचं वाचशील.

दवाखान्यातून लिहितेय, खाटेवर बसून. त्याला घेऊन आले तुझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात. पोरांना मुकादमाची बायको बघतेय. स्वतःहून म्हणाली. त्या बाईला मी एवढी नावं ठेवली, आता परत गेल्यावर कोणत्या तोंडाने भांडू?

आता एक गोष्ट, जी तुला आधी सांगायला हवी होती. तू निघालीस तेव्हाच मला दिवस गेले होते. सांगितलं असतं तर तू पोर सोडून गेलीच नसतीस. मी ठरवलं, चौथं आहे, आपोआप वाढेल. तपासायला गेले नाही. गेले असते तर नर्सबाई खडी फोडू नको म्हणाल्या असत्या, आणि ते ऐकण्यासारखं नव्हतं. काजवे त्याचेच होते. रक्त अगदी पाण्यासारखं झालं होतं म्हणे.

इथे आल्यावर डॉक्टर भोंग्याला तपासत होत्या आणि मी भिंतीला धरून खाली बसले. मलाच आधी खाटेवर घेतलं. मुलगी होती. हात-पाय, नखं, सगळं होतं. तिचं हलणं बंद झालेलं मला ट्रकमध्ये बसायच्या आधीच कळलं होतं, म्हणून उगाच स्वतःला लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्राने हे झालेलं नाही. तुझे भाऊजी आले, फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मी तिला एकदाच बघितलं. नाव ठेवलं नाही.

नंतर मला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. नर्सबाई बांधायला फडकं घेऊन आल्या. मीच म्हटलं, बांधू नका, तो बघा तिथे पडलाय. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि हो म्हणाल्या. त्याला चोखायचं कसं तेच आठवत नव्हतं. मग नर्सबाईंनी दूध हाताने वाटीत काढायला शिकवलं, आणि चमच्याने द्यायला लावलं. पहिल्या दिवशी काढताना मी एवढी रडले की त्या म्हणाल्या, दुखतंय का? मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार?

आता अंगावर पितो. दवाखान्याचं दूध असतं, वरचं मऊ अन्नही देतात. उलटत नाही. काल पट्टी पिवळ्यावर आली.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. बसवलं तर कलंडतो. त्याच्या वयाची पोरं रांगतात, ह्याचे पाय लोळागोळा आहेत. डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, हा सगळ्यांसारखा होईल का? म्हणाल्या, आता सांगता येत नाही, शाळेत जाईल तेव्हा कळेल. रोज बोलायचं, खेळवायचं, मालिश करायची, तेवढं आपल्या हातात. मी दिवसभर बडबडते. तुझ्या भाऊजींच्या तक्रारी सांगते त्याला, दुसरा विषय काय आहे माझ्याकडे?

तुझ्या मोठ्या बाईंना बाई मिळाली असं ड्रायव्हरदादा सांगत होते. म्हणजे तू येशील. ये. पण आधीच सांगून ठेवते, नाहीतर इथे दारातच कोसळशील. परवा झाडणारी नवीन बाई खाटेजवळ आली, तिने ह्याला घ्यायला हात पुढे केले, तर ह्याने तिच्याकडे नीट टक लावून बघितलं आणि जोरात रडायला लागला. माझा पदर मुठीत धरून, मानेत तोंड खुपसून. मी घाबरले. नर्सबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, परकं कोण आणि आपलं कोण हे कळायला लागलंय त्याला, फार चांगलं लक्षण आहे.

तू आलीस की तुला बघूनही तो असाच रडेल. माझ्याकडेच झेपावेल. मला तेव्हा बरं वाटेल, हेही लिहून टाकते, तुझ्यापासून काय लपवायचं. तू हात मागे घेऊ नकोस, आणि मन घट्ट तर अजिबात करू नकोस. खाटेच्या ह्या बाजूला जागा आहे. रडू दे त्याला, तू बसून राहा.

ताई